दवाखान्याचं प्रगतिपुस्तक गावाच्या हाती : महाराष्ट्रातल्या लोकाधारित देखरेखीचा प्रकरण अभ्यास

गरीब माणसाला प्राथमिक आरोग्य सेवा धड मिळावी म्हणून महाराष्ट्रात झालेले नावाजलेले प्रयोग बहुतेक एका जागेचे आहेत. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने उभं केलेलं काम, गडचिरोलीत १९८६ पासून बंग दांपत्याने उभं केलेलं काम. जगभरातून लोक ते पाहायला येतात, आणि यावंच. पण त्या परिसरातून बाहेर पडलं की बाकीच्या राज्यातला रुग्ण सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भरवशावर असतो आणि तिथे डॉक्टर भेटेल की नाही, हे नशिबावर.

२००७ साली सुरू झालेली 'आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख' ही प्रक्रिया या परंपरेत बसत नाही. तिने एकही दवाखाना काढला नाही, एकही डॉक्टर नेमला नाही. सरकारने आधीच बांधलेला दवाखाना चालतो का, ते गावाने तपासायचं आणि चालत नसेल तर चालवणाऱ्याला चारचौघांत विचारायचं, एवढंच तिचं काम. एका गावात हे करायला एखादा खमका सरपंचही पुरतो. पाच जिल्ह्यांत, परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या संस्था आणि संघटनांना एका पद्धतीत बसवून, आरोग्य खात्याला समोर बसवून आणि तेही सरकारच्याच पैशाने करायचं, हा मात्र वेगळाच घाट होता. तो कसा चढला आणि कुठे अडला, ते इथे मांडतो.

आधीची पायवाट

१९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत जगातल्या सरकारांनी इ. स. २००० पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याचा शब्द दिला होता. २००० साल उजाडलं तेव्हा त्या शब्दाचं काय झालं हे विचारायला देशभरातल्या संघटना कोलकात्यात जमल्या आणि जन स्वास्थ्य अभियान उभं राहिलं. महाराष्ट्रात त्याचं नाव जन आरोग्य अभियान. या मंडळींनी २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशाच्या वेगवेगळ्या विभागांत जनसुनवाया घेतल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत राष्ट्रीय सुनवाई झाली. उपचार नाकारले गेलेल्या माणसांनी आयोगासमोर, आरोग्य अधिकाऱ्यांच्या देखत आपली हकिकत सांगितली.

या सुनवायांचं मोल मोठं होतं, पण त्यांना एक मर्यादा होती. आयोग येतो, ऐकतो, शिफारशी करतो आणि जातो. पुढच्या महिन्यात त्याच केंद्रात पुन्हा कुलूप दिसलं तर विचारायचं कोणाला? तालुक्याच्या पातळीवर कायम बसणारी, सरकारने मान्य केलेली जागा हवी होती.

ती संधी १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने दिली. त्याच्या आराखड्यात उत्तरदायित्वाच्या तीन वाटा लिहिल्या होत्या : खात्याची अंतर्गत देखरेख, बाहेरच्या यंत्रणेची सर्वेक्षणं आणि लोकांची देखरेख. पहिल्या दोन वाटा सरकारच्या अंगवळणी पडलेल्या. तिसरी कागदावरच राहिली असती, तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण अभियानाने नेमलेल्या सल्लागार गटात जन स्वास्थ्य अभियानाशी जोडलेली माणसंही होती. त्यांनी पाठपुरावा केला आणि आसाम, छत्तीसगड, झारखंड, कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, ओरिसा, राजस्थान आणि तमिळनाडू या नऊ राज्यांत प्रायोगिक टप्पा मंजूर झाला.

मांडणी

महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, ठाणे, उस्मानाबाद आणि पुणे हे पाच जिल्हे निवडले गेले. (ठाण्याचा आदिवासी पट्टा पुढे बराचसा पालघर जिल्ह्यात गेला आणि उस्मानाबाद आज धाराशिव आहे, जुनी कागदपत्रं वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.) प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्राखालची पाच गावं. म्हणजे १५ तालुके, ४५ केंद्रं, २२५ गावं.

राज्य पातळीवर समन्वयाची जबाबदारी पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडे आली. अनुसंधान ट्रस्टचं हे केंद्र. डॉ. अभय शुक्ला यांच्यासारखी तिथली माणसं जन आरोग्य अभियानातही होती आणि केंद्र सरकारच्या सल्लागार गटातही. जिल्ह्यात आणि तालुक्यात कोणाला घ्यायचं, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. सोपी वाट म्हणजे प्रकल्प चालवण्यात तरबेज असलेल्या, हिशोब चोख ठेवणाऱ्या संस्था शोधणं. तशा संस्था घेतल्याही. पण त्यांच्या जोडीला डहाणू भागातली कष्टकरी संघटना, मेळघाटातली 'खोज', पुरंदरमधली 'मासूम', उस्मानाबाद जिल्ह्यात अणदूरची हॅलो मेडिकल फाउंडेशन अशी निरनिराळ्या घडणीची मंडळी आली. कुणी जमीन आणि जंगलहक्कांसाठी लढलेलं, कुणी बायकांचं संघटन केलेलं, कुणी आरोग्यसेवेत मुरलेलं. कष्टकरी संघटनेचा मूळ विषय आरोग्य नव्हता. पण पाड्यावरची बाई अधिकाऱ्यासमोर उभी राहून बोलेल की नाही, हे प्रशिक्षणापेक्षा तिच्यामागे कोण उभं आहे यावर ठरतं. संघटनांकडे नेमकं तेच होतं.

समित्यांची रचना गावापासून राज्यापर्यंत पाच पातळ्यांची. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य. प्रत्येक समितीत निवडून आलेले प्रतिनिधी, आरोग्य खात्याचे कर्मचारी-अधिकारी आणि संस्था-संघटनांचे लोक. समित्या आपल्याकडे पैशाला पासरी असतात आणि यातल्याही काही नुसत्या वहीत भरल्या. ज्या चालल्या त्या कशामुळे चालल्या, ते पुढच्या दोन गोष्टींवरून कळतं.

कार्ड

पहिली गोष्ट रिपोर्ट कार्ड. गावात गटचर्चा व्हायची : नर्सबाई येतात का, कोणत्या पाड्यापर्यंत येतात, लसीकरण ठरल्या दिवशी होतं का, अंगणवाडीत काय मिळतं, गाव समितीच्या निधीचं काय झालं. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांशी वेगळं बोलणं व्हायचं. जननी सुरक्षा योजनेचे, म्हणजे दवाखान्यात बाळंत झाल्यावर गरीब बाईला मिळायचे ते पैसे हातात पडले का, हे विचारलं जायचं. आरोग्य केंद्रात जाऊन औषधांचा साठा पाहायचा, डॉक्टरांशी बोलायचं, बाहेर पडणाऱ्या रुग्णाला गाठायचं. या उत्तरांना गुण देऊन प्रत्येक सेवेपुढे रंग भरायचा. ७५ टक्के किंवा त्यावर असेल तर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल.

शास्त्रीय सर्वेक्षणाच्या कसोटीवर हे साधन कच्चं आहे. पाच गावं म्हणजे केंद्राच्या कार्यक्षेत्राचा एक तुकडाच. गटचर्चेत मोठ्याने बोलणाऱ्याचं मत जड होतं. हे आक्षेप खरे आहेत आणि अधिकाऱ्यांनी ते घेतलेही. पण मोजमापाची अचूकता हे या साधनाचं मुख्य काम नव्हतं. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही लाल रंग कळतो, आणि एकदा तक्ता भिंतीवर लागला की बोलणं 'सिस्टर नीट वागत नाहीत' यावरून 'लसीकरण हिरवं आहे, गावातले उपचार लाल का?' यावर येतं. म्हणजे माणसाकडून कामाकडे. कर्मचाऱ्यालाही यात थोडा श्वास घ्यायला जागा मिळते, कारण त्याच्या चांगल्या कामाचा हिरवाही तिथेच दिसतो.

सुनवाई

दुसरी गोष्ट जनसुनवाई. केंद्राच्या आवारात किंवा तालुक्याच्या गावी मांडव पडायचा. पंच म्हणून स्थानिक वकील, पत्रकार, जिल्हा परिषदेचे सदस्य, आरोग्य क्षेत्रातली जाणती माणसं. समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी. गावांची कार्डं वाचली जायची, मग ज्यांना उपचार नाकारले गेले त्यांचं सांगणं, मग अधिकाऱ्याचं उत्तर, आणि शेवटी काय करायचं ते लिहून घेतलं जायचं.

तक्रारी ठिकठिकाणी सारख्याच निघत. डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत. फुकट मिळायचं त्याचे पैसे घेतले जातात. औषध आत असतानाही बाहेरची चिठ्ठी दिली जाते. गाडी आहे पण डिझेल नाही. लांबच्या पाड्यावर नर्स पोचतच नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारायला पैसा लागत नाही आणि नवा शासन निर्णयही लागत नाही. कोणीतरी विचारणारं आहे एवढं कळलं तरी पुरतं. बाहेरच्या चिठ्ठ्या कमी होणं, घेतलेले पैसे परत मिळणं, मुक्कामी न राहणारा डॉक्टर राहू लागणं, अशा सुधारणा सुनवायांनंतर झालेल्या नोंदल्या गेल्या आहेत.

अधिकाऱ्यांचा पहिला पवित्रा बचावाचाच होता, आणि तो समजण्यासारखा आहे. वर्षानुवर्षं फक्त वरिष्ठांना उत्तर द्यायची सवय असलेल्या माणसाला गावासमोर उत्तर देणं म्हणजे मानहानी वाटते. काही ठिकाणी अधिकारी आलेच नाहीत, काही ठिकाणी कनिष्ठाला पाठवून दिलं. मात्र दोन-तीन फेऱ्यांनंतर वेगळंच काही घडू लागलं. नर्सताई आणि डॉक्टरही आपलं गाऱ्हाणं या मांडवात मांडू लागले : क्वार्टरचं छत गळतं, पाणी नाही, दोन जागांपैकी एक वर्षभर रिकामी आहे. खात्याच्या मासिक बैठकीत हे म्हटलं तर कानाआड होतं. दीडशे गावकरी आणि पत्रकारांपुढे म्हटलं तर इतिवृत्तात येतं. इथे भांडण मिटलं नव्हतं. भांडणाला जागा, तारीख आणि लिहून घेणारा मिळाला होता. दोन्ही बाजूंना त्याचा उपयोग दिसला म्हणून ती टिकली. राज्यव्यापी सहकार्य म्हटलं की आपल्याला सगळे एका सुरात बोलणारे लोक डोळ्यांपुढे येतात. इथली सहकार्याची गोष्ट तशी मुळीच नाही.

एक धोका मात्र शेवटपर्यंत राहिला. साखळीत सर्वांत खाली असलेली, म्हणून सर्वांत सहज सापडणारी व्यक्ती म्हणजे एएनएम (गावात फिरणारी नर्स) किंवा आशाताई. औषध वरून आलं नसेल तरी रिकामं कपाट दिसतं तिचंच. पंच जाणते असतील तर ते प्रश्न वर ढकलतात. नसतील तर सुनवाई हा दुबळ्यांनी दुबळ्यांना झोडपण्याचा कार्यक्रम होतो.

'ते आमच्याकडे येत नाही'

सुनवाईत सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर हेच, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. त्याचा साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. शेजारचं ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं. त्याचा साहेब जिल्हा शल्यचिकित्सक. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. अडलेली बाळंतीण केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवली आणि तिथेही भूलतज्ज्ञ नाही म्हणून पुढे पाठवली, तर तिच्या वाताहतीचा जबाब कोणी द्यायचा? गावासाठी हा एकच प्रवास असतो, कागदावर ती दोन खाती असतात.

इथे पाच पातळ्यांची उतरंड कामाला आली. जे केंद्रावर सुटत नाही ते तालुक्याला, तिथे नाही तर जिल्ह्याला. जिल्ह्याच्या सुनवाईत दोन्ही साहेब एका मंचावर आले की 'ते आमच्याकडे येत नाही' म्हणायला जागा उरत नाही. निदान तेवढ्या दिवसापुरती.

पण जिल्ह्याच्या वर गेलेले प्रश्न तिथेच अडकले. रिक्त पदं आणि औषधपुरवठा हे दोन सर्वांत मोठे. वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक आणि बदली राज्य पातळीवर ठरते. औषध खरेदीची मुख्य सूत्रंही तिथेच. २०१७ नंतर ती खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, पुढे त्यासाठी वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. म्हणजे दुखणं किती जुनं आणि चिवट, ते शासनानेच मान्य केलं. तमिळनाडूने याचसाठीचं महामंडळ १९९४ सालीच स्थापलं होतं. गावाने लाल रंग कितीही ठळक भरला तरी निविदा लवकर निघत नाही. राज्य पातळीवर बैठका, संवाद, निवेदनं झाली, आश्वासनंही मिळाली. तरीही केंद्राच्या मांडवातला दबाव मंत्रालयाच्या मजल्यांवर पोचेपर्यंत विरून जातो, हे मान्य करायला हवं. तिथे दबाव टाकायला हवेत आमदार, आणि आमदाराला आरोग्य केंद्रातल्या औषधापेक्षा नव्या इमारतीचं उद्घाटन अधिक मोलाचं वाटतं.

आकडे काय सांगतात

तीन फेऱ्यांच्या कार्डांची बेरीज संस्थांनी प्रसिद्ध केली. गाव पातळीवरच्या सेवांना 'चांगली' असा शेरा मिळण्याचं सरासरी प्रमाण पहिल्या फेरीत ४८ टक्के, दुसऱ्या फेरीत ६१, तिसऱ्या फेरीत ६६ असं वाढलं. वाढ पहिल्या दोन फेऱ्यांत मोठी, नंतर मंद; म्हणजे नुसत्या विचारण्याने सुटणारे प्रश्न आधी सुटले आणि चिवट ते मागे राहिले, असं मी वाचतो.

या आकड्यांवर फार मोठी इमारत बांधू नये. मोजणारे आणि प्रक्रिया चालवणारे तेच. तुलनेसाठी देखरेख नसलेली गावं घेतली नव्हती. शिवाय हाच काळ ग्रामीण आरोग्य अभियानाचा पैसा खाली उतरण्याचा : गाव समितीला वर्षाला १०,००० रुपये, आरोग्य केंद्राला अबंधित (गरजेप्रमाणे वापरायचा) निधी २५,०००, देखभालीसाठी ५०,००० आणि केंद्राचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीचे १ लाख. सुधारणेतला किती वाटा या पैशाचा आणि किती देखरेखीचा, हे वेगळं काढता येत नाही. मात्र निधी येऊनही तो खर्च न होणं किंवा कशावर खर्च झाला हे सरपंचालाही ठाऊक नसणं, हा या काळातला नेहमीचा अनुभव. देखरेख असलेल्या ठिकाणी निदान प्रश्न विचारला गेला, आणि त्यातूनच पुढचा टप्पा निघाला. रुग्ण कल्याण समितीचे पैसे खुर्च्या आणि रंगरंगोटीऐवजी रुग्णांच्या गरजेवर कसे लावायचे, याच्या सूचना गावांकडून येऊ लागल्या. प्रक्रियेच्या नावात 'नियोजन' हा शब्द जोडला गेला तो याच वाटेने.

पैसा कोणाचा

प्रायोगिक टप्पा केंद्र सरकारच्या पैशावर चालला. तो संपल्यावर बऱ्याच राज्यांत काम ओसरलं. महाराष्ट्रात ते राज्याच्या वार्षिक अंमलबजावणी आराखड्यात घातलं गेलं आणि पाचाचे तेरा जिल्हे झाले. नाशिक, रायगड, सोलापूर, कोल्हापूर, बीड, औरंगाबाद, चंद्रपूर, गडचिरोली हे नव्याने आले. त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांपैकी १३, म्हणजे राज्यव्यापी हे विशेषण उदारपणे वापरलेलं, पण नऊ राज्यांतल्या इतर अनुभवांशी ताडून पाहिलं तर ही वाटचाल लांबची.

आराखड्यात जाण्याची किंमत मात्र मोजावी लागली. ज्या खात्याच्या दवाखान्याला लाल रंग द्यायचा त्याच खात्याने कार्यकर्त्याचं मानधन मंजूर करायचं. कोणी उघड दम देत नाही. फाइल फिरत राहते, मंजुरी उशिरा येते, हप्ता वर्ष सरता सरता मिळतो, आणि दोन हप्त्यांच्या मधे तालुक्याचा कार्यकर्ता दुसरं काम शोधतो. फेऱ्यांमधलं अंतर लांबतं. सुनवाई एकदा चुकली की आधीच्या सुनवाईत दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारं कोणी राहत नाही, आणि अधिकारी तर तोवर बदलून गेलेला असतो. ज्या तालुक्यात मुळात लोकसंघटना होती तिथे पैसा थांबला तरी लोक आरोग्य केंद्रात जाऊन विचारत राहिले. जिथे फक्त प्रकल्पाची संस्था होती तिथे हप्त्याबरोबर कामही थांबलं. भागीदार निवडण्याच्या त्या पहिल्या निर्णयाचं वजन इथे दिसतं.

मग बाहेरचा, म्हणजे खासगी देणगीचा पैसा घ्यावा का? स्वातंत्र्य वाढेल, पण तालुका आरोग्य अधिकारी बैठकीला येणार नाही. तो येतो कारण त्याच्या हातात त्याच्याच खात्याचं पत्र असतं. मला यातून सुटका दिसते ती इतकीच की देखरेखीची तरतूद आरोग्य खात्याच्या डोक्यावरून, विधिमंडळाने थेट करावी, जसं लेखापरीक्षण खात्याच्या मर्जीवर सोडलेलं नसतं. रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणासाठी आंध्र प्रदेशात स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. आरोग्यासाठी तसं काही महाराष्ट्राने केलेलं नाही.

शहराचा कोरा तक्ता

या रचनेत एक पोकळी पहिल्यापासून आहे. तिचा पाया गाव, ग्रामसभा, सरपंच, पाडा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातली ४५ टक्के लोकसंख्या शहरांत राहते, आणि कमी उत्पन्नाचे रुग्ण तिथेही काही कमी नाहीत. शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आलं, महापालिकांचे दवाखाने वाढले. पण भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराच्या बायकोला आपला दवाखाना कोणता, त्याच्या हद्दीत आपली गल्ली येते का, हे सांगता येत नाही. भाड्याचं घर दर अकरा महिन्यांनी बदलतं. गटचर्चेला दुपारी माणसं नसतात, रात्री कार्यकर्ते नसतात. नगरसेवक आहे, पण सगळ्यांना ओळखणारी ग्रामसभा नाही. घरकामगार आणि कचरावेचकांच्या संघटना, वस्ती पातळीचे बचत गट हे तिथले कष्टकरी-मासूम ठरू शकतात. त्यांच्या हातात द्यायचं कार्ड नव्याने बनवावं लागेल, आणि त्यावर पहिला रकाना बहुधा दवाखान्याच्या वेळेचा असेल : संध्याकाळी सहानंतर उघडा असतो की नाही.